गल्ली-गल्लीने धुळे

धुळे शहर सुटं करून गल्ली-गल्लीने विकायला काढलं असतं, तर आमच्या घरमालकांनी ते एका उन्हाळ्यात संपवलं असतं आणि घेणाऱ्याच्या हातावर वर चिमूटभर पांझरा नदीची वाळूही ठेवली असती. ते दलाल नव्हते, व्यापारी तर मुळीच नव्हते. पारोळा रोडच्या जकात नाक्यावर नगरपालिकेचे कारकून होते. गावात येणाऱ्या मालाची पावती फाडायची आणि आडवा बांबू वर करायला सांगायचं, एवढंच त्यांचं काम. पण त्या बांबूच्या अलीकडे जो कोणी थांबला, त्याला धुळं गळ्यात मारल्याशिवाय सोडायचं नाही, हे त्यांनी आपण होऊन अंगावर घेतलं होतं. त्यांना सगळे नाना म्हणत. मीही म्हणू लागलो.

मी त्यांच्या तावडीत सापडलो तो असाच. बँकेने माझी जळगावहून धुळ्याला बदली केली, तेव्हा मी चिडलेलो होतो. जळगावच्या माणसाला धुळ्याला पाठवणं ही शिक्षा आहे असं त्या वेळी मला मनापासून वाटायचं. वर्षभरात परत यायचं हे ठरवूनच मी ट्रकमध्ये सामान भरलं, बायकोला ड्रायव्हरशेजारी बसवलं आणि एरंडोल, पारोळा करत दुपारी नाक्यावर येऊन थांबलो. नानांनी ट्रकच्या मागे डोकं घातलं, एकेका वस्तूवरून नजर फिरवली आणि शुद्ध सरकारी मराठीत विचारलं, "घरगुती सामान आहे. ठीक. कोणत्या गल्लीत?" मी म्हणालो, "अजून ठरलं नाही. आज लॉजवर उतरू, उद्या बघू." त्यांनी हातातलं पेन खिशात ठेवलं. "गल्ली ठरवल्याशिवाय माणूस गावात शिरतो कसा?" असं म्हणून त्यांनी भर रस्त्यात माझी मुलाखत सुरू केली. झोप गाढ की सावध? पाहुणेरावळे किती? बायकोला बोलायला माणसं लागतात की पुस्तकं? भाजी रोजच्या रोज ताजी लागते की दोन दिवसांची चालते? मागे सहा ट्रक हॉर्न वाजवत होते. नाना त्यांच्याकडे बघून एकदाच म्हणाले, "माणूस राहायला आलाय, मिरची नाही आली. थांबा जरा."

मग त्यांनी माझ्यासमोर धुळं मांडलं. इंग्रज साहेबाने फूटपट्टी लावून आखलेल्या गल्ल्या, त्यांचे नंबर, आणि प्रत्येकीचा गुण. गल्ली नंबर चार ही उपवर मुलींच्या बापांसाठी, कारण ती इतकी सरळ आहे की मुलाकडची मंडळी टोकाला वळली की घरातून दिसतात आणि ती दारात येईपर्यंत पोहे बरोबर परतून होतात. जुनं धुळं हे एकट्या माणसासाठी. तिथे शिंक आली तर तीन घरांतून काढा येतो आणि दोन दिवस दिसला नाहीत तर चौकशी करायला चौथं घर येतं. आग्रा रोड करमणुकीसाठी. तिथे खिडकीत बसणाऱ्याला रेडिओ घ्यावा लागत नाही. पाच कंदिलाच्या चौकाजवळ राहिलं तर बाजार घरातच असल्यासारखा, पण बायकोने पिशवी घेतली की ती कधी परतेल याची खात्री नाही. साक्री रोड दम्याच्या माणसासाठी, तिथे हवा मोकळी. देवपूर, म्हणजे नदीपलीकडचं, ते मुलांनी शिकावं असं वाटणाऱ्यांसाठी. तिथे शाळा-कॉलेजं इतकी की मूल नुसतं दाराबाहेर उभं राहिलं तरी थोडंफार शिकून येतं. हे सगळं झाल्यावर त्यांनी माझ्या बायकोच्या थकलेल्या चेहऱ्याकडे बघितलं आणि आवाज उतरवून म्हणाले, "तोवर आमच्या वरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत. सोय लागेपर्यंत राहा." त्या खोल्यांची, त्या घराची, त्या गल्लीची त्यांनी एका शब्दानेही स्तुती केली नाही. सोय लागेपर्यंत म्हणून गेलेलो आम्ही तिथे सहा वर्षं राहिलो.

घर देवपूरच्या पार मागच्या टोकाला होतं. त्यापुढे शेतं लागायची. गल्लीला नंबर नव्हता, नाव नव्हतं, दुकान नव्हतं. एक कडुलिंबाचं झाड, एक हातपंप आणि दोन्ही बाजूंना मिळून अकरा घरं. नाना रोज सायकलवरून पांझरेचा पूल ओलांडून गावाच्या दुसऱ्या टोकाच्या नाक्यावर जायचे आणि संध्याकाळी तितकेच टवटवीत परत यायचे. खाली त्यांची बायको अक्का आणि ते, दोघंच. एकुलता एक मुलगा पुण्याला कारखान्यात इंजिनियर होता.

नानांना गावाची एवढी माहिती कुठून, हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. मग एकदा सुट्टीच्या दिवशी मी नाक्यावर जाऊन बसलो आणि उलगडा झाला. गावात येणारी प्रत्येक गोष्ट नानांच्या नाकाखालून जात होती. कुठल्या गल्लीत किती साखर गेली, कुठे शेंगदाणा तेलाचे डबे वाढले, कुठे अचानक पितळेची भांडी निघाली, यावरून ते बसल्या जागी सगळं सांगायचे. "गल्ली पाचमध्ये रवा-तूप एकदम वाढलंय, बारसं दिसतंय," असं ते म्हणाले की आठ दिवसांत घुगऱ्या यायच्याच. माणसांच्या नावापेक्षा त्यांना गल्ल्या आधी आठवत. रस्त्यात कोणी भेटला की "काय गल्ली दोन, पाय कसा आहे?" असं विचारत. मला ते सहा वर्षं "जळगाव" म्हणत होते. "काय जळगाव, झोप झाली का?" अशी सकाळी जिन्याखालून हाक यायची.

त्यांच्या बोलण्याचीही एक गंमत होती. धुळं विकताना ते पुस्तकातल्यासारखी मराठी बोलत, "सुविधा", "परिसर", "वास्तव्य" असे शब्द वापरत. पण पोटातलं काही बाहेर यायचं असलं की सरळ अहिराणीवर उतरत. त्यामुळे नाना विकतायत की बोलतायत हे पहिल्या दोन शब्दांत कळायचं.

त्यांच्या विक्रीत कधी खोट निघत नसे असं नाही. एका निवृत्त मास्तरांना त्यांनी शांत परिसर म्हणून एक गल्ली दाखवली. दाखवली ती नेमकी बाजार बंद असण्याच्या दिवशी. मास्तर राहायला गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या चार दुकानांत पत्र्याच्या पेट्या ठोकणं सुरू झालं. मास्तर काठी घेऊन नाक्यावर आले. नाना म्हणाले, "मास्तर, माणसं कशी आहेत?" मास्तर म्हणाले, "माणसं चांगली आहेत हो, पण—" "मग आवाज त्यांचाच आहे," नाना म्हणाले, आणि चहा मागवला. मास्तर महिनाभर कानात कापूस घालून हिंडले. पुढे नाशिकला मुलीकडे गेले, ते पाचव्या दिवशी परत. तिथल्या शांततेत झोप येत नाही म्हणाले. हा किस्सा नाना स्वतः सांगत आणि शेवटी, "म्हणजे गल्ली बरोबरच दाखवली होती," असं स्वतःलाच प्रमाणपत्र देत.

एकदा त्यांनी स्वखर्चाने पत्र्याचा मोठा फलक रंगवून नाक्यावर लावला. वर लिहिलं, "धुळ्यात आपले स्वागत असो", आणि खाली कोणाला काय हवं असेल तर कुठल्या गल्लीत जावं याची यादी. यादी वाचायला ट्रकवाले खाली उतरू लागले, रांग पारोळ्याच्या दिशेने लांबत गेली आणि तिसऱ्या दिवशी वरून हुकूम आला की फलक काढा. नानांनी तो काढला आणि घराच्या मागे उभा केला. त्यावर अक्कांनी गिलक्याचा वेल चढवला. गिलकी तोडताना वाचावं लागायचं, त्यामुळे माझ्या बायकोला धुळ्याच्या सगळ्या गल्ल्या पाठ झाल्या.

जळगावशी त्यांचं वैर असं नव्हतं, पण माया म्हणाल तर तीही नव्हती. एका लग्नाला मी त्यांना मुद्दाम जळगावला नेलं. नवी पेठ दाखवली, सराफ बाजारातून हळूहळू चालवलं. नाना हात मागे बांधून, तोंड मिटून चालत होते. दुपारी आमच्या घरी भरीत, पुरी, कढी असा बेत होता. त्यांनी तीनदा भरीत घेतलं, ताट स्वच्छ केलं, हात धुतले आणि मग म्हणाले, "भरीत उत्तम. पण एका वांग्यावर शहर किती दिवस चालणार?" माझे वडील आठ दिवस धुमसत होते. मला मात्र, खरं सांगायचं तर, त्या दिवसापासून नाना फार आवडू लागले, कारण आपल्या गावासाठी इतकं भांडावं असं मला आयुष्यात कधी वाटलेलं नव्हतं.

आता मुख्य गोष्ट. चौथ्या वर्षी श्रावणाच्या आधी मुलाचं पत्र आलं. कारखान्यातली नोकरी सोडून स्वतःचं छोटं वर्कशॉप काढायचा त्याचा विचार होता. पुण्यात एका मित्राबरोबर किंवा मग धुळ्याला, एमआयडीसीत. श्रावणात कानबाईच्या सणाला बायकोला घेऊन येतो, तेव्हा बोलू, असं लिहिलं होतं. नानांनी ते पत्र मला तीनदा वाचून दाखवलं आणि चौथ्यांदा मला मोठ्याने वाचायला लावलं. आजवर परक्यांना जे दाखवलं, ते आता घरच्या माणसाला दाखवायचं होतं. पंधरा दिवस नाना तयारीत होते. कुठल्या गल्लीत किती वाजता शिरायचं, ऊन कुठून असेल, कुठल्या दारात कोण उभं असेल, इथवर त्यांनी ठरवलं. मला सून समजून दोनदा गावभर फिरवलं. अक्का शेंगा फोडत हे सगळं बघत होत्या. एकदा म्हणाल्या, "पोरले गाव नका दखाडू. घर दखाडा." नाना म्हणाले, "घरमा काय दखाडानं शे?"

शुक्रवारी मुलगा-सून आली. नाना आणि मी स्टँडवर गेलो होतो. मुलाच्या हातात एक बॅग होती, नानांनी ती त्याच्या हातून घेतली आणि घरापर्यंत कोणालाही दिली नाही. संध्याकाळी मुलगा गच्चीवर माझ्याजवळ येऊन उभा राहिला. शेतांकडे बघत म्हणाला, "काका, मित्राने पुण्यात शेड घेतली. मी हो म्हणून बसलोय. नानांना पत्रात लिहायचा धीर झाला नाही. तुम्ही सांगाल का?" मी सांगतो म्हणालो. खाली आलो तर नाना उद्याच्या फेरीसाठी चपलांना पॉलिश करत होते.  बँकेत मी माणसांना नाही म्हणायचाच पगार घेत होतो, पण त्या दिवशी जमलं नाही.

शनिवारी सकाळी दोन रिक्षा करून आम्ही निघालो. नानांचं ते सर्वांत सुंदर भाषण होतं. सून पुण्यातच वाढलेली, पण मोठी लोभस आणि चौकस मुलगी. ती प्रत्येक गल्लीत उतरत होती, प्रश्न विचारत होती, हसत होती. मास्तरांच्या गल्लीत पेट्या ठोकण्याच्या तालावर तिने मान हलवली तेव्हा नानांचा चेहरा बघण्यासारखा झाला. गल्ली चारच्या टोकाला त्यांनी आम्हाला उभं केलं आणि ओळखीच्या घरात खरोखर पोहे टाकायला सांगून आम्हाला चालत यायला लावलं. दारात पोहोचलो तेव्हा कोथिंबीर पडत होती. मुलगा मात्र प्रत्येक ठिकाणी रिक्षेतच बसून राहिला. मी त्याच्याकडे बघायचं टाळत होतो आणि तो माझ्याकडे. नाना सरकारी मराठीत सांगत होते, "उद्योजक माणसाच्या दृष्टीने हा परिसर अतिशय सोयीस्कर," आणि मी मान डोलवत होतो.

दुपारी परत आलो. लिंबाखाली रिक्षा थांबली, सून उतरली आणि अकरा घरांकडे बघून तिने अगदी सहज विचारलं, "नाना, आणि ही आपली गल्ली? ही कोणासाठी?" नानांनी तोंड उघडलं. मी इतकी वर्षं त्यांना ओळखत होतो, पण त्यांना शब्द सापडत नाही असं पहिल्यांदाच बघत होतो. त्यांनी हातपंपाकडे बघितलं, लिंबाकडे बघितलं, मग मुलाकडे बघितलं. "हाई..." ते म्हणाले, "हाई ते आपलीच शे ना बेटा." आणि चप्पल काढून घरात गेले.

रविवारी कानबाई बसली, सोमवारी वाजतगाजत पांझरेवर विसर्जन झालं. कानबाईच्या रोटाचे, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांचे, गहू मुठीने मोजून घेतात, घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ, आणि ते रोट फक्त भाऊबंदांनी खायचे असतात. आम्हा वरच्यांना त्या दिवसांत पुरण, खीर, सगळं यायचं, रोट मात्र नाही. तो नियम होता आणि आम्हालाही त्याचं काही वाटत नसे. संध्याकाळी मुलगा-सून गाडीत बसली. गाडी हलताना मुलगा खिडकीतून काहीतरी म्हणाला, नानांनी फक्त हात वर केला.

पुलावरून परत येताना मी शेवटी म्हणालो, "नाना, मला एक सांगायचं राहिलं होतं." ते म्हणाले, "माले मालूम शे." मी थांबलो. "कधीपासून?" "स्टँडवरच दखं मी. बॅग हातमा ली ना. तीन दिनना कपडा. ऱ्हावाले येस तो मानूस सामान लयस. तीस वरीस नाकावर बठनू मी, इतलं बी समजाव नही का?" मला राहवलं नाही. म्हणालो, "मग परवा एवढं फिरलात कशाला?" नाना कठड्याला हात टेकून पाण्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "गिऱ्हाईक घेई का नही, हाई दखीसन माल मांडतस का?" आणि चालू लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्याखालून "काय जळगाव" अशी हाक आली, पण जरा उशिरा.

पुढच्या श्रावणात मुलाला येता आलं नाही. वर्कशॉप नवं होतं. अक्का सूप घेऊन बसल्या, नाना पोत्यातून गव्हाच्या मुठी टाकत होते. स्वतःची टाकली, मुलाची टाकली, आणि मग हात पुन्हा पोत्यात घातला. अक्कांनी विचारलं, "हाई कोना नावनी?" नानांनी जिन्याकडे मान केली. "वरलासनी."  मी जिन्यात उभा होतो. मला वाटलं, आता नियम निघेल. अक्का म्हणाल्या, "त्यासनी सव्वा मूठ व्हस. तुम्ही एकच टाकी." आणि वरची पाव मूठ त्यांनी स्वतःच्या हाताने घातली.

सहाव्या वर्षी माझी जळगावची ऑर्डर आली. जिची मी पहिल्या दिवसापासून वाट बघत होतो, ती. ट्रक भरला, अक्कांच्या पाया पडलो. नाना पहाटेच नाक्यावर निघून गेले होते. गावाबाहेर जाणाऱ्या मालाला जकात नसते, बांबू उघडाच असतो. पण आमच्या ट्रकसाठी तो आडवा होता. नाना मागे आले, डोकं घातलं, एकेका वस्तूवरून नजर फिरवली. मग माझ्याजवळ येऊन म्हणाले, "एक पाट कमी शे." मी म्हणालो, "असं कसं? चारही मी स्वतः बांधले." "तीनच शेतस. चवथा मी काढी ली रातले. घरमा ठेवेल शे."  नानांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सहा वर्षांत पहिल्यांदा मला जळगाव म्हटलं नाही. "सामान ऱ्हायनं म्हंजे मानूस येस, भाऊ," म्हणाले, आणि बांबू स्वतःच्या हाताने वर केला. 

त्यानंतर दर श्रावणात एक कार्ड यायचं. त्यावर एकच ओळ असायची, "गहू घेतले आहेत." मी रजा टाकायचो आणि जायचो, माझ्या पाटावर बसून रोट खायचो आणि संध्याकाळी परतायचो. मुलगाही पुढे न चुकता येऊ लागला. नंतर कधीतरी जकात बंद झाली, बांबू गेला, नाक्याच्या खोलीला कुलूप लागलं. नानाही त्याच सुमाराला गेले. आता कार्ड अक्का शेजारच्या मुलीकडून लिहवून घेतात. मी जातो तेव्हा पाट भिंतीला टेकवून ठेवलेला असतो, पुसलेला. इतकी वर्षं झाली, तुमचा पाट का नाही आणत, असं जळगावात सगळे विचारतात. मी म्हणतो, दर वेळी घाईत राहून जातो.